कशावरून?

आठवीच्या फळ्याच्या कोपऱ्यात मी वर्षभर एकच शब्द ठेवतो, तो पुसायचा नाही: ‘कशावरून?’

परवा बहिणाबाई चौधरींवर बारा ओळींचा उतारा दिला. जन्म १८८० चा, असोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवल्या. निधन १९५१, पुस्तक १९५२. प्रश्न विचारला: ‘बहिणाबाईंना आपलं पुस्तक हातात घेता आलं का?’

अर्ध्या वर्गानं लिहिलं, ‘नाही, कारण त्यांना वाचता येत नव्हतं.’ उत्तर बरोबर, पुरावा चुकीचा! हातात घ्यायला वाचता कशाला यावं लागतं? काहींनी ‘त्या थोर कवयित्री होत्या’ असं लिहून पान भरलं; ही गाइडची देणगी. मागच्या बाकावरच्या एकाला ‘कशावरून?’ विचारलं, तर म्हणे, “सर, माले माहीत शे!”

मग दोन्ही सालांखाली रेघ मारायला लावली. आधी आपलं म्हणणं, मग उताऱ्यातली ओळ, इथवर पोरं येतात. अडतात ती पुढच्या वाक्याला: या ओळीवरून ते कसं ठरतं? आठवडा त्यातच गेला. कापसाच्या वेचणीमुळं चार जण गैरहजर, ते वेगळंच.

काल त्याच मागच्या बाकावरून वही आली: ‘नाही. उताऱ्यात निधन १९५१ आणि पुस्तक १९५२ असं दिलं आहे. म्हणजे पुस्तक निघालं तेव्हा त्या नव्हत्या.’ खाली, न विचारता, आणखी एक ओळ: ‘सर, मंग सोपानदेवले कसं वाटनं व्हई?’

याला उताऱ्यात पुरावा नाही. खोडलं मात्र नाही मी.