गस्सानवरचा बर्फ, शोनाईचा भात

गस्सान डोंगर 1 जुलैला यात्रेसाठी उघडतो. त्याआधी तो बर्फाखाली असतो, आणि उघडल्यावरही सगळा बर्फ गेलेला नसतोच. जपानच्या यामागाता प्रांतात, जपान समुद्राला लागून शोनाई नावाचा भाताचा सपाट मुलूख आहे. त्याच्या पाठीशी हागुरो, गस्सान आणि युदोनो असे तीन पवित्र डोंगर आहेत. हिवाळ्यात सैबेरियाकडून सुटलेलं कोरडं वारं समुद्रावरून येताना ओल घेतं आणि या डोंगरांवर चढताना ती बर्फ होऊन पडते. खालच्या शेतांना उन्हाळ्यात मिळतं ते याच बर्फाचं पाणी. तिन्ही डोंगर पायी केल्यावर मला वाटतं, इथल्या माणसांची सगळी भक्ती या पाण्याभोवती आहे.

मी आळंदी ते पंढरपूर चाललेला माणूस. नोकरीमुळे टोकियोत राहतो. आषाढ आला, पालख्या वाटेला लागल्या, की पाय घरात ठरत नाहीत. म्हणून ही वाट धरली.

हागुरोच्या पायथ्याशी तोगे गाव आहे. तिथे यात्रेकरूंसाठी पिढीजात घरं आहेत आणि ती चालवणारे यजमान स्वतः यामाबुशी, म्हणजे डोंगरात तप करणारे व्रतस्थ. आम्ही उतरलो त्या घरी टोकियोजवळच्या चिबाकडून आलेली वयस्कर मंडळीही होती. त्यांच्या गावात या डोंगरांची भक्तमंडळी आहे, आणि आजा-पणजापासून सगळे याच घरी उतरतात. हिवाळ्यात डोंगर बंद झाला की यजमान आपल्या ठरलेल्या गावांना जाऊन घरोघरी प्रसादाच्या चिठ्ठ्या देतात. हे ऐकताना मला आमची दिंडी दिसत होती: तोच क्रम, तोच मुक्काम, तीच घराण्यांची ओळख.

जेवणाबद्दल सांगितलंच पाहिजे. माझ्या गळ्यात माळ आहे, आणि जपानात साध्या भाजीच्या वाटीतही माशाचं पाणी असतं. इथे मात्र यात्रेचं जेवण पूर्ण शाकाहारी. सार समुद्री शेवाळाचं आणि वाळवलेल्या अळंब्यांचं, तिळाचं मऊ तोफू, गस्सानच्या उतारावरचे बांबूचे कोवळे कोंब, रानभाज्या आणि शोनाईचा भात. कित्येक महिन्यांनी काही न विचारता ताट पुढे ओढलं.

सकाळी पांढरे कपडे चढवले. हा वेश प्रेताचा. हागुरो हा आत्ताच्या जगण्याचा डोंगर, गस्सान मरणाचा, युदोनो पुन्हा जन्माचा, असा या वाटेचा अर्थ आहे, म्हणून आधीच मेलेल्याचे कपडे घालून निघायचं. शंख वाजला. वाटाड्या जे सांगेल त्याला एकच उत्तर द्यायचं, ‘उकेतामो’. मान्य आहे. थांबा म्हटलं तरी तेच, चाला म्हटलं तरी तेच.

हागुरोला 2446 दगडी पायऱ्या आहेत. सुरुवातीला नदीवरचा लाल पूल, मग शेकडो वर्षांचे सुगी, म्हणजे देवदारासारखे उंच वृक्ष दोन्ही बाजूंनी, आणि त्यांच्यात रंग न दिलेला पाच मजली लाकडी मनोरा. 29 मीटर उंच, पण झाडं त्याहून मोठी, त्यामुळे जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायऱ्यांवर पेले, भोपळे अशी 33 चित्रं कोरलेली आहेत. चिबाच्या आजी ती शोधत चढत होत्या, त्यामुळे दम लागल्याचं त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. वर 1818 सालचं मोठं देऊळ आहे, दोन मीटरहून जाड गवती छपराचं. गस्सान आणि युदोनो हिवाळ्यात बर्फाने बंद पडतात, म्हणून तिन्ही देवांची पूजा इथे एकत्र होते.

गस्सान 1984 मीटर. चढाच्या दहा टप्प्यांपैकी आठव्याशी पाणथळ कुरण आहे. पिवळी लिली फुललेली, लाकडी फळ्यांवरून वाट जाते. त्यापुढे दगड, आणि दगडांमध्ये बर्फाचे पट्टे. घामाने भिजलेल्या पाठीवर एकदम गार वारा येतो. खाली वाकून ऐकलं तर बर्फाच्या पोटातून पाणी धावताना ऐकू येतं. कुणी फारसं बोलत नाही. टाळ-मृदंगाच्या सवयीच्या कानांना सुरुवातीला हे जड गेलं. मी मनात ‘ज्ञानोबा-तुकाराम’ धरला आणि पावलं त्यावर पडू लागली.

माथ्यावरचं देऊळ वाऱ्यापासून वाचावं म्हणून दगडी भिंतींनी वेढलेलं आहे. आत जाण्याआधी कागदाची छोटी बाहुली अंगावरून फिरवून पाण्यात सोडतात. ढग सरकले तेव्हा उत्तरेला चोकाई डोंगर दिसला, पश्चिमेला समुद्र, आणि मधे शोनाईची हिरवी शेतं. आमचा वाटाड्या स्वतः भात पिकवतो. त्याने सांगितलं, “आमची मेलेली माणसं इथे वर येतात. पुष्कळ वर्षांनी त्यांचा देव होतो. वसंतात तो पाण्याबरोबर खाली शेतात उतरतो, कापणी झाली की परत वर.” मी पंढरपूरला अनेकदा पाहिलंय, पेरणी उरकून आलेला शेतकरी पायरीवर डोकं ठेवतो तेव्हा त्याच्या मनात पाऊसही असतो. इथे वर उभं राहून त्याचीच आठवण झाली.

उतार अवघड. बर्फाच्या कडेने, मग कड्यावरच्या लोखंडी शिड्यांनी, शेवटी ओढ्यातल्या दगडांवरून. गुडघे बोलायला लागतात. युदोनोला देऊळ नाही. चप्पल-बूट काढून अनवाणी पवित्र जागेत जायचं, आणि तिथे काय पाहिलं ते बाहेर सांगायचं नाही, विचारायचंही नाही. शेकडो वर्षं लोकांनी हे पाळलंय. मीही पाळणार.

परतताना वाटाड्याने गाडी त्याच्या शेतापाशी थांबवली. पाटात हात घालून पाण्याचा गारवा पाहिला, बांधावरून चक्कर मारली. लोंबी धरायच्या वेळी भाताला पाणी सर्वात जास्त लागतं, आणि ज्या हिवाळ्यात बर्फ कमी पडतो त्या वर्षी नेमकं तेव्हाच ते तुटतं, असं त्याने सांगितलं. वर पाहिलेला बर्फ त्याने मनात मोजून ठेवला होता. “यंदा भागेल,” म्हणाला. मग मला विचारलं, “तुमच्याकडे पेरण्या झाल्या का?”

मी गावी भावाला फोन लावला. झाल्या होत्या. सोयाबीन उगवून आलं होतं, पाऊस मात्र थांबला होता. वाटाड्याला सांगितलं, तर तो पुढचा अर्धा तास मला आमच्या जमिनीबद्दल, विहिरीबद्दल विचारत राहिला.