क्रेन येण्याआधीचं काम

मशीन स्थलांतराचं काम म्हटलं की बघणाऱ्याच्या नजरेसमोर क्रेन येते, साखळ्या येतात, खलाशांची आरडाओरड येते. मी या कामात आहे आणि माझा जीव मात्र क्रेन येण्याआधीच्या वेळात अडकलेला असतो. मशीन जुन्या जागी चालू असताना जे मोजून आणि लिहून घ्याल, त्याच्याच जोरावर नव्या जागी ते उभं करता येतं. एका व्हर्टिकल मशिनिंग सेंटरच्या, म्हणजे उभ्या स्पिंडलनं धातू कापणाऱ्या संगणकी मशीनच्या कामात हे मला पुरतं पटलं. मशीन 6 टनांचं, चालू स्थितीतलं. जुन्या शेडमधून नव्या शेडमध्ये न्यायचं आणि पहिल्यासारखंच माप काढून द्यायचं, एवढं काम.

मशीन बंद करायच्या आधी मी अर्धी पाळी मागून घेतली. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "चालू मशीन कशाला मोजताय? बरोबर चाललंय की ते."

"किती बरोबर चाललंय, तेच कागदावर हवंय साहेब," मी म्हणालो.

स्पिंडलमध्ये, म्हणजे हत्यार धरून फिरणाऱ्या दांड्यात, टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) लावून डायलनं रनआउट, म्हणजे फिरताना किती डुलतो ते, घेतला. टेबलावर ग्रॅनाइटचा गुण्या ठेवून झेड अक्षाचा, म्हणजे वर-खाली चालीचा, काटकोन पाहिला, तर 300 मिलिमीटरमध्ये 0.018 चा फरक निघाला. थोडा जास्तच होता. आकडा लिहिला, तारीख घातली आणि साहेबांची सही घेतली. बॉलबार, म्हणजे मशीन वर्तुळ किती अचूक फिरतं ते मोजणारं उपकरण, लावून वर्तुळाचा आलेखही काढून ठेवला. मग कंट्रोलरमधले पॅरामीटर, लॅडर (मशीनच्या स्विच-व्हॉल्व्हचा प्रोग्रॅम), पिच एरर कॉम्पेन्सेशन (स्क्रूच्या चुकीची भरपाई) आणि टूल ऑफसेट (हत्यारांची मापं) या सगळ्याचा बॅकअप दोन वेगवेगळ्या ठिकाणी घेतला.

ॲब्सोल्यूट एन्कोडरकडे, म्हणजे अक्ष कुठे आहे ते लक्षात ठेवणाऱ्या सेन्सरकडे, माझं खास लक्ष असतं. अक्षाचं शून्य बॅटरीच्या जिवावर टिकलेलं असतं. एन्कोडरची केबल काढली की ते जातं. म्हणून तिन्ही अक्ष होमला, म्हणजे शून्याच्या ठरलेल्या जागी, नेऊन, सरकणाऱ्या आणि स्थिर भागावर मिळून एक बारीक रेघ मारून घेतली. पुढे शून्य पुन्हा बसवताना ही रेघ असली की अंदाजपंचे काम होत नाही.

मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. तरी पॅनेलला लगेच हात लावला नाही. ड्राइव्हमधल्या कपॅसिटरमध्ये पुरवठा तोडल्यावरही काही मिनिटं शेकडो व्होल्ट राहतात. चार्जचा दिवा विझू दिला, मीटर लावून खात्री केली, तेव्हाच वायर सोडल्या. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना टॅग लावला आणि सोडण्याआधी फोटो काढला. कूलंट आणि तेल उपसलं. हेड आणि टेबल यांना कंपनीचेच ट्रान्सपोर्ट ब्रॅकेट लावले. ते ब्रॅकेट स्टोअरच्या कुठल्याशा कोपऱ्यात पडलेले असतात. ते सापडेपर्यंत मी उचलायला परवानगी देत नाही, कारण मोकळं हेड वाटेत हादरलं तर ते सरकवणाऱ्या बॉल स्क्रूवर घाव बसतो.

उचलताना मुकादमाशी थोडी वादावादी झाली. शेडची उंची कमी, त्यामुळे त्यांना दोन पट्ट्यांवर आखूड, पसरट स्लिंग लावायची होती. पट्टा जमिनीशी 60 अंशांत असेल तर 6 टनांसाठी प्रत्येक पट्ट्यावर साधारण साडेतीन टनांचा ताण येतो. कोन 30 अंशांवर आला की तोच ताण 6 टन होतो, म्हणजे पूर्ण मशीन जणू एकेका पट्ट्यावर. मुकादम अनुभवी माणूस. मी जमिनीवर खडूनं त्रिकोण काढून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं, "राहू दे मग, टो जॅकनं उचलून स्केटवर घेऊ." टो जॅक म्हणजे मशीनच्या खालच्या कडेला धरून उचलणारा जॅक, आणि स्केट म्हणजे चाकांची बुटकी गाडी. मशीन दारापर्यंत स्केटवर सरकवलं आणि क्रेन बाहेर मोकळ्यात लावली. वेळ गेला, पण योग्य ठिकाणी गेला. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

नव्या शेडमधलं काँक्रीट आधीच घातलेलं होतं आणि त्याला 28 दिवस उलटून गेले होते, हे मी पहिल्यांदा विचारून घेतलं. मशीन पॅडवर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर, टेकवलं, पण लेव्हल लगेच पक्की केली नाही. बाहेरून आलेलं लोखंड शेडच्या तापमानाला यायला हवं. मीटरभर पोलाद एका अंशाला 11-12 मायक्रॉननं वाढतं, आणि आपण तर मायक्रॉनमध्येच बोलतो.

लेव्हलिंगचा भाग मला सगळ्यात आवडतो. आधी तीन पॅडवर भार घेऊन मशीन सरळ करायचं, मग बाकीचे पॅड नुसते टेकवत आणायचे. सगळे पॅड एकदम आवळले तर बेडला पीळ बसतो. लेव्हलच्या, म्हणजे सपाटी मोजायच्या उपकरणाच्या, नळीतला बुडबुडा मधोमध दिसतो आणि मशीन तरी वाकडं चालतं. माझ्या लेव्हलचा एक भाग म्हणजे मीटरला 0.02 मिलिमीटर. बुडबुडा स्थिर व्हायला वेळ घेतो, तो द्यावाच लागतो. लेव्हल उलट करून पुन्हा वाचली, मग टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन बुडबुडा हलतो का ते पाहिलं. मागच्या उजव्या पॅडला पाव फेऱ्याहूनही कमी फिरवल्यावर तो हलायचा थांबला.

वीज जोडताना फेज सिक्वेन्स मीटर, म्हणजे तीन फेजचा क्रम दाखवणारा मीटर, लावला. अक्ष फिरवणाऱ्या सर्व्हो मोटरना पुरवठा ड्राइव्हमधून मिळतो, त्यामुळे फेज उलटे असले तरी अक्ष व्यवस्थित चालतात आणि सगळं ठीक वाटतं. इकडे हायड्रॉलिक पंप मात्र उलटा फिरत असतो. इथे दोन फेज खरंच उलटे निघाले. ते बदलले आणि मगच पंप सुरू केला.

पहिला जॉब, म्हणजे कापून तयार झालेला भाग, निघाला, त्याची उभी बाजू किंचित तिरकी आली. साहेब आले, चेहरा गंभीर. "हलवताना काहीतरी गेलंय," म्हणाले. मी गुण्या लावला, डायल फिरवला. 300 मध्ये 0.019. जुना कागद समोर ठेवला, त्यावर 0.018 आणि खाली त्यांचीच सही. त्यांनी दोन्ही आकडे दोनदा वाचले. तिरकेपणा जुनाच होता. आधीच्या जॉबची उंची कमी होती, म्हणून तो तपासणीत दिसत नव्हता. बॉलबारचे दोन्ही आलेखही जवळपास एकमेकांवर बसले. पुढे त्यांनीच कॉलमचा काटकोन दुरुस्त करायचं वेगळं काम काढलं, आणि तेही मला मिळालं.

काही आठवड्यांनी लेव्हल पुन्हा तपासायला गेलो. एक पॅड थोडा बसला होता, तो उचलून घेतला आणि नवे आकडे त्याच कागदावर जुन्यांच्या खाली लिहिले.