सातताल, पंगोट, चोपता: मे महिन्यातल्या पक्ष्यांसाठी नेमके कधी जावे

उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तराखंडला पक्षी पाहायला जायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, एप्रिल बरा की मे? त्याआधी विचारायला हवे ते हे, की त्या आठवड्यात पक्षी किती उंचीवर असतात. हिमालयातले बरेच पक्षी थंडीत दऱ्यांमध्ये उतरतात आणि ऊन वाढले की घरट्यासाठी वर चढतात. कोसी नदीच्या पात्रात थंडीत दिसणारे वॉलक्रीपर आणि आयबिसबिल मार्च संपता संपता गेलेले असतात. हिवाळ्यातले फोटो पाहून मेचे बुकिंग करणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

हा वृत्तांत 3 ते 13 मे या दहा रात्रींचा आहे: सातताल 2, पंगोट 3, मंडल 2, चोपता 3. सगळा क्रम खालून वर. सातताल साधारण 1400 मीटर, पंगोट 2000, चोपता 2700 आणि त्याच्यावरचे तुंगनाथ मंदिर 3680. या क्रमाने गेले की शरीरालाही विरळ हवेची सवय होत जाते. थेट ऋषिकेशहून चोपत्याला पोहोचून दुसऱ्याच पहाटे तुंगनाथ चढणाऱ्यांचे डोके दुखते, मळमळते, आणि नेमके मोनाल हा रंगीबेरंगी फेजंट (रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी) दिसायच्या वेळी ते वाटेत बसून राहतात.

दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पहाटे काठगोदामला सोडते. तिथून भीमतालमार्गे सातताल तासाभराचे अंतर. शनिवार-रविवारी हाच रस्ता गाड्यांनी तुंबतो, म्हणून सोमवार ते शुक्रवार सातताल-पंगोट करावे. सातताल मेमध्ये कोरडे असते आणि ते आपल्या पथ्यावर पडते. 'स्टुडिओ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओढ्याच्या जागी उरलेल्या पाण्यावर पक्षी तहानेने येतात. सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी तीननंतर तिथे गप्प बसून राहायचे. भडक कपडे नकोत, पाण्यापासून दहा-बारा मीटर मागे थांबावे. ब्लू-थ्रोटेड फ्लायकॅचर, स्वर्गीय नर्तक आणि ऑरेंज-हेडेड थ्रश यांच्यासाठी हाच काळ. नवरंगासाठी मात्र इथे दिवस घालवू नका. तो मेअखेर-जूनमध्ये आपल्या कोकणातच शीळ घालत असतो. एक सकाळ चांफीच्या नदीला द्यावी: ब्राऊन डिपर, स्पॉटेड फोर्कटेल, क्रेस्टेड किंगफिशर.

मराठी पक्षीनिरीक्षकाने मे निवडावा याचे खरे कारण पंगोटला कळते. थंडीत सह्याद्रीत गप्प बसलेला ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश इथे ओकच्या शेंड्यावरून गात असतो. निलांग (व्हर्डिटर फ्लायकॅचर) घरट्याच्या जागेसाठी भांडतो. आपल्याकडे नुसती 'त्सि-ली' ऐकवणारे ग्रीनिश वॉर्बलर चोपत्याकडे वर पूर्ण गाणे म्हणतात. पर्णवटवट्यांची (लीफ वॉर्बलरांची) ओळख पटवायला याहून चांगली शाळा नाही. पानांआड नवख्या डोळ्यांना गोंधळात टाकणारे ग्रे-हूडेड, वेस्टर्न क्राऊन्ड आणि लार्ज-बिल्ड गाण्यावरून चटकन वेगळे करता येतात. निघण्यापूर्वी या तिघांची गाणी रोज पाच मिनिटे ऐकून ठेवा, जंगलात त्याचा फार उपयोग होतो. इंडियन कुक्कूची चार सुरांची हाक स्थानिक माणसे 'काफल पाक्को' अशी ऐकतात, म्हणजे काफळे (ही रानफळे) पिकली. ती हाक सुरू झाली की पाहुणे पक्षी पोहोचले असे समजायला हरकत नाही.

पंगोटच्या पुढे विनायककडच्या गवताळ, खडकाळ उतारांवर चीर फेजंट असतो. तिथे उजाडताना पोहोचायला हवे. ऊन उतारावर पसरले की तो गवतात दबून बसतो आणि पाच मीटरवरूनही दिसत नाही.

कुमाऊँत, म्हणजे सातताल-पंगोटच्या भागात, मेमध्ये बिघडते ते धुरामुळे. चीडच्या (पाइनच्या) झाडांच्या वाळलेल्या सुया पेट घेतात. वणव्याचा सरकारी हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरला जातो. एप्रिल 2024 मध्ये नैनीतालजवळची आग विझवायला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालचे पाणी उचलावे लागले होते. धूर असला की दूरचे उतार दिसत नाहीत आणि फोटो पांढरट येतात. अशा वेळी पंगोटची एक रात्र कमी करून ती मंडलला द्यावी. बुकिंग करतानाच एवढी मोकळीक मागून ठेवा.

पंगोट ते मंडल हा रानीखेत, गैरसैण, कर्णप्रयाग, चमोली असा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे, दहा-अकरा तासांचा. पहाटे पाचला निघावे, कारण कर्णप्रयागच्या पुढे चारधाम यात्रेची वाहतूक लागते. मंडल ते चोपता रस्त्यावर कांचुला खर्कच्या आसपास गाडी सोडून पायी चालावे. कड्यावर आग्या मोहोळ लटकलेले दिसले तर तिथे थांबून राहा. यलो-रम्प्ड हनीगाईड मेण खातो, त्यामुळे तो त्या पोळ्यांपासून फार लांब जात नाही. अर्धा तास काहीच हलत नाही, मग पोळ्याशेजारचा राखाडी ठिपका मान वळवतो आणि पाठीवरचा पिवळा पट्टा दिसतो.

चोपत्याला मेच्या मध्यावर सूर्य 5.20च्या सुमारास उगवतो, मुंबईपेक्षा पाऊण तास आधी. कोकलास फेजंटची खरखरीत हाक त्याच्याही आधी, झुंजुमुंजू होताना येते. म्हणून चारला उठून साडेचारला चालू लागायचे. तुंगनाथची वाट साडेतीन-चार किलोमीटरची आहे. सहानंतर खेचरे आणि यात्रेकरू वर येऊ लागतात, की मोनाल कुरणावरून खाली झाडीत उतरतो. तोवर तो उघड्यावर असतो. लांब वाकडी चोच मातीत खुपसून तो ढेकळे बाजूला उडवतो, मुळे-कंद शोधतो, मध्येच मान वर करतो. त्या क्षणी गळ्याचा तांबूस-हिरवा रंग उन्हात पेटल्यासारखा दिसतो. दचकला की शीळ घालत उताराखाली झेपावतो आणि पाठीवरचा पांढरा डाग तेवढा दिसतो. म्हणून त्याच्या वरच्या बाजूला जाऊ नका, खालून किंवा समांतर थांबा.

तुंगनाथ मंदिराचे कपाट (दरवाजे) उघडण्याची तारीख बैसाखीला जाहीर होते. ती पाहूनच चोपत्याच्या रात्री ठरवाव्यात. उघडण्याच्या दिवशी आणि नंतरच्या शनिवार-रविवारी वाट गजबजलेली असते. मात्र फार लवकर, एप्रिलच्या मध्यावर गेलात तर वर बर्फ असते आणि झाडांच्या रेषेवर घरटी करणारा हिमालयन रुबीथ्रोट आलेलाच नसतो. त्याच्यासाठी मेचा दुसरा पंधरवडा आणखी बरा, पण त्यात सुट्टीची गर्दी पत्करावी लागते.

दुपारी ढग, गडगडाट, कधी गारा. अकरापर्यंत खाली यावे आणि दुपार डायरीला द्यावी. मेमध्येही रात्री जाड जॅकेट, कानटोपी, हातमोजे लागतात. दुर्बीण 8×42 पुरते. चार्जिंगचा भरवसा नसतो, म्हणून कॅमेऱ्याला तीन बॅटऱ्या, आणि रात्री त्या पांघरुणात घेऊन झोपा, थंडीने उतरतात. मोबाईलवरून हाक वाजवून पक्षी बोलावू नका. हे दिवस अंडी-पिल्लांचे आहेत आणि नर हद्द राखायला धावून येतो तेव्हा घरट्यावरचे लक्ष जाते.

जूनच मिळत असेल तर सातताल सोडा, पहिले दहा दिवस चोपता-मंडललाच द्या. 15 जूनला कैंचीधाम आश्रमाच्या मेळ्याने भवालीचा रस्ता अडतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाऊस पोहोचला की दरडी कोसळून परतीची गाडी चुकू शकते. त्या दिवसांत ऋषिकेश आणि रेल्वेच्या मध्ये एक रात्र मोकळी ठेवा.