आमची वाटचाल : लगेच हातात पडणारा फोटो

बाबांनी नागपूरच्या सीताबर्डीत स्टुडिओ टाकला तो पासपोर्ट फोटोंच्या भरवशावर. चार भिंगांचा कॅमेरा होता; एका क्लिकमध्ये एकाच कागदावर चार चेहरे उतरायचे. फिल्म बाहेर ओढली की घड्याळाकडे नजर ठेवायची आणि वेळ झाली की कोपऱ्यातून वरचा थर सोलायचा. चिकट थर बोटाला न लावता बाजूला टाकायला हात बसावा लागतो, बाबांचा तो बसलेला होता. पुढे हे काम डिजिटल प्रिंटरने नेलं. २०१६ मध्ये फुजीफिल्मने त्यासाठी लागणारी एफपी-१००सी फिल्म बंद केली आणि सोलायची फिल्म आमच्यापुरती संपली.

पण लगेच मिळणाऱ्या फोटोची ओढ काही संपली नाही. एका नवरीने विचारलं, "दादा, पाहुण्यांचे फोटो तिथल्या तिथे वहीत चिकटवून खाली आशीर्वाद लिहून घेता येतील का?" तिथून धंद्याची दिशाच बदलली.

आता प्रश्न होता फिल्म कोणती घ्यायची. मला स्वतःला पोलरॉइड कंपनीच्या लगेच उमटणाऱ्या फिल्मचं वेड. २००८ मध्ये कंपनीने फिल्म थांबवायचं जाहीर केलं, तेव्हा काही जिद्दी माणसांनी नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचा कारखाना वाचवला. जुनी रसायनं मिळत नव्हती, म्हणून फिल्म नव्याने जुळवली आणि २०१० मध्ये विकायला काढली. त्या चौकोनी चित्राचा मऊपणा दुसऱ्या कुठल्या फिल्ममध्ये मला दिसलेला नाही. पण ही फिल्म १३ ते २८ अंशांत नीट वागते, आणि नागपुरातली लग्नं मे महिन्यात! मांडवात पारा चाळिशीपार. उष्णतेने चित्रावर पिवळट-तांबूस झाक चढते. रंगीत फोटो पूर्ण उमटायला पंधरा मिनिटं जातात आणि बाहेर आल्याबरोबर तो उजेडापासून झाकावाही लागतो. हळदीच्या गर्दीत एवढं कोण सांभाळणार?

म्हणून कार्यक्रमांना फुजीफिल्मची इन्स्टॅक्स. १९९८ पासून चालत आलेली ही फिल्म ४० अंशांपर्यंत चालते, दीड मिनिटात चेहरे दिसू लागतात. तरी मे महिन्यात तिचे पॅक आम्ही बर्फाशेजारी कोरड्या डब्यात नेतो आणि लागतील तसेच बाहेर काढतो. वहीसाठी इन्स्टॅक्सची लहान आकाराची मिनी पुरते, तिचं चित्र ६२ बाय ४६ मिलिमीटर. मात्र अडीच मीटरच्या पुढे मिनी कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा भरवसा धरू नये. मागे उभे राहिलेले काका काळोखात जातात. आजी-आजोबांसकट सगळं घर एका फ्रेममध्ये हवं असेल तर रुंद आकाराची वाइड, ६२ बाय ९९. एका फोटोमागे खर्च वाढतो, पण नुसती मिनी घेऊन गेलो आणि घरचा ग्रुप फोटो मागितला गेला तर अडचण होते, म्हणून दोन्ही कॅमेरे सोबत असतात.

फोटो बाहेर आला की तो हलवायची सवय जवळपास सगळ्यांनाच. हलवून काही होत नाही. खालच्या जाड पांढऱ्या कडेत रसायनाची पुडी असते, कॅमेऱ्यातले रोलर ती फोडून चित्रभर पसरवतात. नंतर फोटो सपाट ठेवून शांत राहायचं, बस. रोलरवर वाळलेला रसायनाचा डाग राहिला तर पुढच्या प्रत्येक फोटोवर ठराविक अंतराने ठिपके उमटतात. त्यामुळे कार्यक्रम संपला की पोऱ्या आधी रोलर पुसतो, मग जेवायला बसतो.

पोलरॉइड आम्ही सोडलं नाही. ते स्टुडिओत, एसी लावून, खिडकीच्या उजेडात. आजोबांचं पोर्ट्रेट काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काढून घ्यायला लोक आवर्जून येतात, आणि त्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान आहे.

अलीकडे घरात पडून असलेले जुने कॅमेरे घेऊन येणारे वाढलेत. कुणाच्या मामांनी अमेरिकेहून आणलेला, कुणाच्या वडिलांचा. त्यांना आम्ही आधी फिल्मचं सांगतो. पोलरॉइडच्या जुन्या ६०० कॅमेऱ्याला ६०० फिल्मच लागते, कारण त्याला वीज पुरवणारी बॅटरी फिल्मच्या पॅकमध्येच असते. पोलरॉइडच्या नव्या कॅमेऱ्यांसाठीची आय-टाइप फिल्म थोडी स्वस्त असली तरी तिच्यात बॅटरी नाही, जुना कॅमेरा तिच्यावर चालूच होणार नाही. एसएक्स-७० या पोलरॉइडच्या आणखी जुन्या कॅमेऱ्याला त्याची वेगळी, कमी वेगाची (म्हणजे जास्त उजेड लागणारी) फिल्म. खोक्यावरची उत्पादनाची तारीख बघा. वर्षभरापेक्षा जुनी असेल तर घेऊ नका. आणलेली फिल्म फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि वापरायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा. कॅमेरा स्टुडिओत घेऊन आलात तर रोलर आणि शटर आम्ही तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही.