तुम्ही विचारलंत म्हणून: ते खाली का येत नाहीत?

स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, सासरच्या ओसरीवर आणि जुलैत पावसाने जोर धरला की फोनवरसुद्धा एकच विचारणा असते. "मॅडम, तुमच्या माहेरची माणसं अजून त्या डोंगरातच? इर्शाळवाडी दरडीखाली गेली, बघितलंत ना? मग खाली का येत नाहीत?" काळजीने विचारता, हे कळतं मला. पण वर राहणारा तो अडाणी, हेही त्या काळजीत आधीच धरलेलं असतं. त्यात मी भूगोल शिकवते, म्हणून पुढचं वाक्य ठरलेलं: "तुम्ही तरी समजवा त्यांना."

वर्गात वस्तीचा धडा घेताना मी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगते. वस्ती जिथे बसली ती जागा, तिथली माती, उतार, पाणी, हे तिचं स्थान. बाजार, रस्ता, दवाखाना यांच्या हिशेबात ती कुठे पडते, ही तिची स्थिती. आमच्या वाडीच्या स्थानात खोट काढून दाखवा. बेसाल्टच्या दोन थरांमधून पाणी झिरपतं, तिथे झरा आहे आणि त्याला धरून घरं. मे महिन्यातही तो आटत नाही. घरांच्या खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरीचं वरकस, त्याच्याही वर गुरांचं रान. गोठा, शेत, झरा अशा फेऱ्यांत ज्याचा दिवस जातो त्याला आणखी काय हवं? स्थिती मात्र वाईट, ते मी कधीच नाकारलं नाही. गाडीरस्ता अर्ध्यावर संपतो, पुढे पायवाट. पण तुम्ही अंतर महाडच्या एसटी स्टँडपासून मोजता आणि आमचे आबा गोठ्यापासून.

शिवाय अर्धी वाडी केव्हाच खाली उतरली आहे. रेव्हनस्टाईनने १८८५ साली स्थलांतराचे नियम मांडले. लांब जाणारा माणूस मोठ्या व्यापारी शहराकडेच जातो, हा त्यातला एक. आमची माणसं तालुक्याला थांबलीच नाहीत, थेट लालबाग-परळ गाठलं. आबाही गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, तो लांबतच गेला, आणि आबांची नोकरी काही परत मिळाली नाही. खोली सुटली. तेव्हा त्यांना भाडं न मागता घेणारी एकच जागा उरली होती. ज्याला तुम्ही खाली या म्हणता, तो एकदा खाली जाऊन आलेला माणूस आहे.

आता २२ जुलै २०२१ बद्दल. हे मी फारसं कोणाला सांगत नाही.

मी महाडला राहते, पहिल्या मजल्यावर. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, आणि त्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. गांधारी सावित्रीला मिळते ती महाडलाच, आणि खाडीला भरती असली की पाणी उतरायचं नाव घेत नाही. पूर आम्हाला नवा नाही. तळमजल्यावरचं सामान वर घ्यायचं, जिन्यावर बसून पायऱ्या मोजायच्या, हे इथे सगळ्यांना येतं. त्या वेळी पायऱ्या मोजण्यात अर्थ राहिला नाही. खालची दोन कुटुंबं आमच्याकडे आली, त्यातल्या आजींना खुर्चीत बसवून वर आणावं लागलं. वीज गेली, मग फोनची रेंज गेली. काळोखात नुसता पाण्याचा आवाज आणि कुठेतरी गॅसच्या टाक्या भिंतीवर आपटत होत्या.

दुसऱ्या दिवशी समोरच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडून सांगितलं, "वरची एक वाडी गेली!"

कुठली? त्याला माहीत नव्हतं. त्यालाही कोणीतरी असंच ओरडून सांगितलं होतं. महाड तालुक्यात वर वाड्या किती, ते मी फळ्यावर नकाशा काढून शिकवलेलं आहे. तळिये, हे नाव आमच्या गल्लीत पोचेपर्यंत मी प्रत्येक वाडीच्या जागी माझीच वाडी धरून बसले होते. नाव कळलं आणि मी हुश्श म्हणाले, तेही मोठ्याने. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना तळियेतली माणसं माहीत होती.

पाणी ओसरल्यावर दादा आला. मधला रस्ता तुटलेला, म्हणून रानातून आडवाटेने. गुडघाभर चिखलात उभा, एका हातात पाण्याचा कॅन, खांद्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. पुरात बुडालेल्या महाडात प्यायला पाणी नव्हतं, आणि तो झऱ्याचं पाणी घेऊन आला होता. दिवसभर त्याने माझ्या शेजाऱ्यांच्या घरातला गाळ उपसला. निघताना चपला शोधत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वर भेग पडलीय. हात जाईल एवढी."

म्हणजे ज्या झिरप्यावर वाडी बसली, तोच तिच्या वरचा उतार पोखरतोय. मातीचा जाड थर, खाली कातळ, मधे पाणी: दरडीला आणखी काही लागत नाही. हे मला शिकायला कोणाकडे जावं लागत नाही, मीच शिकवते.

एम.ए.ला असताना मला विदाल द ला ब्लाश हा फ्रेंच भूगोलतज्ज्ञ फार आवडायचा. निसर्ग शक्यता पुढे ठेवतो आणि निवड माणूस करतो, या संभववादावर मी पानंच्या पानं लिहिली होती. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं, ही कसली निवड गं, पूररेषेच्या आत राहायचं की दरडीखाली? आणि ती उलट म्हणते, आई दर जूनमध्ये ठरवूनच तिथे राहते, मग ते ठरवणं नव्हे तर काय? तिला काय सांगावं ते मला सुचत नाही.

खाली म्हणजे सुरक्षित, एवढं मात्र मला ऐकवू नका. २००५ च्या जुलैत दासगावला दरड कोसळली, ते हमरस्त्यावरचं गाव. माळीणला तर एसटी जात होती. ३० जुलै २०१४ ला गाव जागेवर नाही, हे आधी कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरलाच.

भेगेनंतर पाहणी झाली, वाडीचं नाव यादीत लागलं आणि खाली प्लॉट दाखवले. आबांनी प्लॉट चालून बघितला आणि विचारलं, गोठा कुठे? गोठा नकाशात नव्हता. दादा म्हणतो, गुरं विकू. आई त्याच्याशी तेवढ्यावरून दोन दिवस बोलली नाही. दादाने संमतीच्या कागदावर सही केली आहे, आबांनी नाही. मी जूनमध्ये आबांच्या बाजूने असते. जुलैच्या रात्री पाऊस थांबेनासा झाला की दादाच्या बाजूने होते, आणि फोन करून सगळ्यांना शिव्या घालते. रेड अलर्ट आला की वहिनी मुलांना घेऊन माझ्याकडे येते, म्हणजे जिथे २०२१ ला पाणी चढलं होतं त्याच इमारतीत. आल्या आल्या ती जिन्याच्या पायऱ्या बघून घेते.

तेव्हा पुढच्या खेपेला मला विचारू नका, वहिनीला विचारा. ती तुमच्याच बाजूने बोलेल. आबा पडवीत बसून ऐकत असले तरी बोलेल.