तुम्ही विचारलेत म्हणून: त्या मुलांना आश्रमात का ठेवत नाही?

इंदूरच्या रामबागेतले हळदीकुंकू असो की लग्नाची पंगत, मी एचआयव्हीबाधित मातांच्या आणि त्यांच्यामागे राहिलेल्या मुलांच्या कामात आहे हे कळले की कोणीतरी हमखास विचारते, "ताई, एवढी धावपळ करण्यापेक्षा त्या मुलांना एखाद्या आश्रमात का ठेवत नाही? निदान दोन वेळच्या जेवणाची तरी सोय होईल." विचारणाऱ्याच्या मनात कळवळाच असतो, म्हणून पंगतीत मी "बघू" म्हणून वेळ मारून नेते, इथे मात्र सविस्तर सांगते.

अनाथ म्हणून ज्या मुलांची नावे माझ्याकडे येतात, त्यांतल्या अनेकांची आई अजून हयात असते आणि ती तशीच राहावी हे आमचे पहिले काम आहे. सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांतून, औषधे २००४ पासून विनामूल्य मिळतात, आणि रोज न चुकता गोळी घेणारी बाई वर्षानुवर्षे कामधंदा करीत जगते, मुलांना मोठे करते. पण गोळी फुकट असली तरी ती आणायला जाणे फुकट नसते. देपालपूर किंवा सांवेरकडून इंदूरला यायचे म्हणजे बसभाडे, रांग आणि बुडालेली मजुरी. शिवाय सासरी कोणाला कळू नये म्हणून बाटलीवरचा कागद खरवडायचा आणि गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबायचा. (आता माझ्याही हातात कुठलीही बाटली आली की मी ती आधी हलवून पाहते.) औषध सुटते ते बहुधा अशा कारणांनी; हयगयीने क्वचितच.

आईला बाधा म्हणजे मुलालाही बाधा, हा समज तर आश्रमाच्या प्रश्नामागे दडलेलाच असतो. काहीच उपाय केला नाही तर १०० पैकी १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होऊ शकते. गर्भारपणातच औषध सुरू झाले आणि बाळालाही जन्मल्यापासून काही आठवडे औषध पाजले, तर हे प्रमाण ५ च्या खाली येते. बाळाची तपासणी ६ आठवड्यांनी होते आणि पक्का निकाल १८ महिन्यांनंतर मिळतो. ते दीड वर्ष त्या आईसोबत कोणीतरी बसावे लागते, कारण शेजारणी विचारतात की अंगावर पाजतेस तर पाणी का देत नाहीस, आणि पहिले ६ महिने फक्त अंगावरचेच दूध द्यायचे, वरचे काही मिसळायचे नाही, हे तिला खरे कारण न सांगता निभवायचे असते.

आई खरोखरच गेली, तरीही घर संपलेले नसते. आजी असते, मावशी असते, पुष्कळदा मोठी बहीण असते. माझ्या पाहण्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने धाकट्या भावाचे औषध वहीत टिपणे करून दोन वर्षे चालवले, पण शाळाप्रवेशाच्या वेळी पालकाच्या सहीवर सगळे अडले. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा १२ वर्षांवरील समजदार भावंडाला अशा घरात धाकट्याचे पालक म्हणून काम करू देतो, अगदी प्रवेश आणि बँक खात्यापर्यंत. खिडकीपलीकडच्या माणसाला ते ठाऊक नव्हते, इतकेच. त्याच कायद्याने बाधित स्त्रीला आणि अल्पवयीन मुलांना राहत्या घरातून हुसकावण्यासही मनाई केली आहे, तरी नवऱ्याच्या तेराव्यानंतर सामान अंगणात आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेतून नातेवाइकांकडे राहणाऱ्या पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, आधार आणि उत्पन्नाचा दाखला गोळा करता करता आजीच्या चपला झिजतात. माझी धावपळ म्हणजे मुख्यतः या चपला.

आश्रम नकोतच असे मी म्हणत नाही. ज्याचे खरोखर कोणी नाही, किंवा ज्याला घरातच मार बसतो, त्याच्यासाठी ते हवेतच. मात्र नुसत्या गरिबीसाठी मूल आजीपासून तोडले तर त्याचा एक आधार जातो आणि आजीचाही जातो. आणि खरे सांगायचे तर आश्रमाला गव्हाचे पोते द्यायला माणसे लगेच पुढे होतात. आजीच्या बसभाड्याचे विचारले की आधी पावतीची चौकशी होते.