एस. वाय. पास

माझ्या कपाटातल्या फाइलमध्ये एस. वाय. बी. कॉम.ची मार्कशीट आहे, 1996 सालची. घडीवर फाटली म्हणून मागून चिकटपट्टी लावली होती, ती आता पिवळी पडलीय. कॉस्टिंगला 71 मार्क. टी. वाय.ची फी भरायच्या आठवड्यातच बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी लक्ष्मी रोडवर एका कापडदुकानात हिशेबाला बसले. दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून गेले होते, एकोणीस वर्षं राहिले.

पुढे एका नोकरीच्या फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात मी ‘एस. वाय. पास’ लिहिलं. समोरच्या साहेबांनी माझ्यादेखत ते खोडून वर ‘बारावी’ लिहिलं. त्या दिवसापासून मीही बारावीच लिहीत आले. पण ताग्यावर हमाली किती धरायची, ट्रान्सपोर्ट कसं वाटून लावायचं, कटपीसचा तोटा कुठल्या मालावर टाकायचा, हे मला बारावीत कुणी शिकवलं नव्हतं. ते एस. वाय.चं होतं. दुकानात मी टिकले ती त्याच जोरावर.

आता भाचीचं एस. वाय. झालंय, हातात नोकरी आहे आणि ती विचारतेय, “मावशी, थांबू का?” नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी बाहेर पडलं तर पदविका मिळते. त्यासाठी निदान 80 क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक, हवीत, शिवाय उन्हाळ्यात 4 क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप. यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. हे वाचताना माझे डोळे भरून आले, खरंच. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात तर साधारण 60 क्रेडिटच्या दोन वर्षांना ‘असोसिएट डिग्री’ म्हणतात आणि पुष्कळ मुलं तिथून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जातात.

तरी तिला एक गोष्ट मी ठणकावून सांगितली: आपल्याकडे पदविका म्हणजे पदवी नव्हे. राज्यसेवेच्या परीक्षेला पदवीच लागते, बँकेच्या क्लार्कलाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसायचं उद्या मनात आलं, तर ह्या कागदावर फॉर्म भरता येणार नाही. ताई म्हणते, “तिला घाबरवू नकोस.” घाबरवत नाहीये गं. नोकरी घरी गरजेची आहे, मला कळतं. तिने घ्यावी. फक्त कॉलेज ‘सुटलं’ असं तिने म्हणू नये, आणि घरातल्या कुणीही म्हणू नये.

रविवारी ती येतेय. तिची क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, नीट जमा झालीत का, ते दोघी मिळून बघणार आहोत. पदविका मिळाली की ती तारीख मी माझ्या फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहीन, आणि तिच्या खाली तीन वर्षांनंतरची.